नऊ नंबरचा बूट

आमच्या आजोबांच्या मागे राहिलेल्या चीजवस्तूंत एक बाराबोरची बंदूक होती. मी ती जेमतेम दोनदा पाहिली. निवडणूक लागली की परवाना असलेल्यांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं, आणि लोकसभा, विधानसभा, महापालिका, जिल्हा परिषद अशी आपल्याकडे निवडणूक नसते कधी? बंदूक घरापेक्षा ठाण्यातच जास्त राहिली. आजोबा गेल्यावर काकांनी ती कायमचीच जमा करून टाकली. तिलाही माहेरी गेल्यासारखं वाटलं असेल.

माझ्या वाट्याला आली ती वही. लाल कापडी पाठीची, रोजमेळाची. पहिल्या पानावर टाकाच्या अक्षरात शीर्षक: ‘बदकांचे शिकारीस जाणाऱ्या नवख्यांस सूचना’. एकूण सूचना एकतीस. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि वही तिथेच थांबली. पुढच्या पानांवर दुधाचा हिशोब आहे.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या महिन्यात सौ. म्हणाली, “घरात बसून माझे डबे मोजू नका. बाहेर जाऊन पक्षी मोजा.” म्हणून मी पक्षीनिरीक्षक झालो. या क्षेत्रात येण्याची कारणं सगळ्यांचीच थोडीफार अशी असतात, फक्त बाकीचे लोक निसर्गाचं नाव सांगतात. तयारी करावी म्हणून वही काढली आणि मोजून पाहिलं, तर एकतीसपैकी बंदुकीबद्दलच्या सूचना फक्त चार. उरलेल्या सत्तावीस चिखल, पाणी, मोजे, चहा, सोबती आणि घरी काय सांगून निघावं याबद्दल. बंदूक वजा केली तरी वही जवळजवळ शाबूत राहत होती. माणूस बदकामागे निघाला की त्याच्या हातात काय आहे याच्याशी चिखलाला काही देणंघेणं नसतं.

आम्ही नाशिककर बदकांसाठी जातो ते नांदूर मध्यमेश्वरला. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला दगडी बंधारा घातला. त्यातून निघालेल्या कालव्यांनी खाली कोपरगाव-राहात्याकडे ऊस पिकवला आणि बंधाऱ्यामागे साठलेल्या गाळाने पक्षी पिकवले. पहिली गोष्ट ठरवून झाली, दुसरी आपोआप. १९८६ साली अभयारण्य झालं. जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. रामसर हे इराणमधलं गाव. तिथे १९७१ साली पाणथळ जागांचा करार झाला, म्हणून हे नाव. पण गोदाकाठी ‘रामसर’ म्हटल्यावर इराण आठवणार कोणाला? आमच्या मेहुण्यांनी तर गाडीतच भाविकपणे हात जोडले.

तेही अगदीच चुकले असं नाही. गावात मृगव्याधेश्वराचं देऊळ आहे. सोन्याच्या हरणामागे पंचवटीतून निघालेल्या रामाने मारीचाला बाण मारला तो इथे, असं सांगतात. म्हणजे पंचवटीहून चाळीसेक किलोमीटर, पायी, एका हरणामागे, सोबती घरी ठेवून. वहीतल्या पहिल्या तीन सूचना आजोबांनी या प्रसंगावरूनच काढल्या असाव्यात असा मला संशय आहे. एक: ‘बायकोने सांगितले म्हणून शिकारीस जाऊ नये, बायकोस न सांगताही जाऊ नये.’ दोन: ‘एकट्याने जाऊ नये. दोन नवख्यांनी तर मुळीच जाऊ नये.’ तीन: ‘घरी एक जाणता माणूस ठेवावा व तो घर सोडून निघणार नाही असे पाहावे.’

यातली दुसरी सूचना आम्ही पहिल्याच दिवशी मोडली. मी नवखा, मेहुणे माझ्याहून नवखे. पण त्यांनी वीसपट मोठं दाखवणारी दुर्बीण घेतली होती आणि ती कोणाला तरी दाखवायची होती. सोबत मुंबईहून आलेली भाची. ती ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी पाहून आलेली, त्यामुळे आमच्यात अनुभवी.

निघण्याआधी तिने विचारलं, “मामा, तिथलं भरतीचं वेळापत्रक काय?” ठाण्याच्या खाडीत जायचं तर आधी ते बघावं लागतं म्हणे. ओहोटीला चिखल उघडा पडला की रोहित चरायला उतरतात, भरती चढली की उठतात, आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. दिवसातून दोनदा पाणी. चुकलं तर चिखलात बसा किंवा पाण्यात उभे राहा. मी हसलो. समुद्रापासून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर आत, सह्याद्रीच्या या अंगाला, कसली आलीय भरती!

वहीत मात्र सूचना सात अशी होती: ‘पाण्याचा भरवसा धरू नये. काल गुडघा होता तेथे आज कंबर असते. गावात विचारून उतरावे.’ मग मला उजेड पडला. भरती आमच्याकडेही येते, फक्त ती चंद्रामुळे येत नाही, आवर्तनामुळे येते. वर गंगापूर आहे, दारणा आहे. खाली जायकवाडी आहे. मध्ये हा बंधारा. वरून पाणी सुटलं की फुगवटा चढतो, कालवे वाहू लागले की उतरतो. समुद्राची भरती पंचांगावरून कळते, इथली बैठकीत ठरते. आणि बैठकीला पाण्याच्या वाटपावरून नाशिक, नगर आणि मराठवाडा असे तीन चंद्र तिन्ही बाजूंनी ओढत असतात. अशा पाण्याचं वेळापत्रक कोण छापणार? तेव्हा गावात विचारावं. पानाच्या टपरीवर सगळं ठाऊक असतं.

पहाटे साडेचारला निघालो. जानेवारीचा पहिला आठवडा. नाशिककरांना थंडीचं कौतुक असतं, पण निफाडच्या थंडीपुढे ते गप्प बसतात. थंडीच्या दिवसांत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा चार-पाच अंशांवर आला की दुसऱ्या दिवशी पेपरात ‘निफाड गारठले’ येतं. थंडी वाढली की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात, मण्याला तडा जाऊ नये म्हणून रात्रभर जागतात. निफाडच्या वाटेवर त्या शेकोट्या बघून मेहुणे कळवळून म्हणाले, “दाजी, इथं द्राक्षाला जेवढं जपतात तेवढं जावयालाही जपत नाहीत.” मी त्यांच्याच घरचा जावई. मी काही बोललो नाही.

कपड्यांच्या बाबतीत वही स्पष्ट आहे. ‘सुती कपडा ओला झाला म्हणजे अंगाची ऊब ओढून घेतो. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब राखते. वस्त्रे मातकट रंगाची असावीत. मोज्यांचे दोन जोड. एक पायात, एक कोरडा डब्यात.’ यावर आणखी काही लिहिण्याची गरज पडू नये. पण मेहुण्यांनी लग्नाच्या वाढदिवसाला मिळालेलं भगभगीत केशरी जाकीट घातलं होतं. “हरवलो तर दिसलो पाहिजे,” त्यांचा युक्तिवाद. ते दिसले. निफाड तालुक्यातल्या समस्त बदकांना ते एकाच वेळी दिसले. आम्ही काठाला पोचायच्या आत समोरचं अर्धं पाणी रिकामं झालं होतं.

पण काठाला पोचण्याआधी ऊस लागतो. आणि गोदाकाठचा ऊस म्हणजे बिबट्या. त्याला आता जंगल लागत नाही. उसात जन्मतो, उसात वाढतो, तोडणी सुरू झाली की बाहेर येतो. आजोबांच्या वहीत तो नाही, कारण त्यांच्या काळी तो एवढा बागायतदार झालेला नव्हता. त्यामुळे ही सूचना माझी, बत्तिसावी. बिबट्यासाठी सांगतात की अंधारात एकट्याने जाऊ नये, बॅटरी आणि काठी घ्यावी, मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावत चालावं, उसाच्या कडेला वाकू-बसू नये. पक्ष्यांसाठी सांगतात की अजिबात आवाज करू नये, बॅटरी मारू नये, हळूच वाकत, बसत पुढे सरकावं. आता माणसाने करावं काय? आम्ही मध्यममार्ग काढला. उसापर्यंत भाचीने मोबाइलवर लावणी लावली, ऊस संपल्यावर सगळे एकदम मौनात गेले. बिबट्या आला नाही. लावणी आवडली नसेल, किंवा ऐकत बसला असेल.

चापडगावच्या बाजूला मनोऱ्याशी आमचा गाईड उभा होता. पंचक्रोशीतलाच पोरगा. कानटोपी, पायात साध्या स्लिपर, गळ्यात जुनी दुर्बीण. त्याने मेहुण्यांच्या जाकिटाकडे एकदा बघितलं, मग पाण्याकडे बघितलं आणि म्हणाला, “काका, आपण आधी चहा घेऊ. पाखरं जरा बसू द्या.”

चहा होता होता उजाडलं. धुकं पाण्यावरून कांबळ्यासारखं गुंडाळत वर गेलं, आणि मग जे दिसलं त्यासाठी साडेचारला काय, दोनला उठायलाही हरकत नाही. पण त्याचं वर्णन मी करणार नाही. विनोदी लेखकाने सूर्योदयाच्या वाटेला जाऊ नये, ही तेहतिसावी.

खरी धांदल पुढे. पक्षी ओळखणे.

शिकाऱ्याला एक सोय होती. चुकलं तरी हातात काहीतरी यायचं, ते उलटंपालटं करून बघता यायचं. आपल्याला अडीचशे मीटरवरचा ठिपका ओळखायचा असतो, आणि शेजारी उभा असलेला माणूस आपल्या आधी ओळखेल ही भीती असते. मेहुण्यांनी वीसपटीची दुर्बीण डोळ्याला लावली. जेवढं मोठं दिसतं तेवढा हातही मोठा थरथरतो, हे दुकानदाराने त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांना सगळीच बदकं भूकंपात सापडल्यासारखी दिसत होती. नवख्याने आठपटीची घ्यावी, समोरच्या भिंगाचा व्यास बेचाळीस मिलिमीटरचा, आणि कधीही सूर्याच्या दिशेने फिरवू नये. डोळा जायला एक क्षण पुरतो. ‘सूर्य पाठीशी ठेवावा’ ही सूचना नऊ. आजोबांनी ती नेमासाठी लिहिली होती, पण डोळ्यासाठी दुप्पट खरी आहे.

मराठीत मात्र पक्ष्यांची नावं अशी आहेत की पक्षी दिसला नाही तरी पहाट वाया जात नाही. मारुती चितमपल्लींनी ‘पक्षीकोश’ करून ठेवला म्हणून ही श्रीमंती निदान एका जागी सापडते. चमच्यासारखी रुंद चोच ती थापट्याची. पिवळं टोक आणि बुडाशी तांबडे ठिपके असलेली चोच ती हळदी-कुंकू बदकाची. काड्यांवर उभा केल्यासारखा तो शेकाट्या. दगडासारखा निश्चल बसून बेडकाला फसवणारा आणि उडाला की एकदम पांढरेशुभ्र पंख दाखवणारा तो वंचक. हे नाव ठेवणारा माणूस कधीतरी भिशीत बुडाला असणार. आणि काळा अंगरखा, कपाळावर ठसठशीत पांढरा टिळा, थव्याथव्याने चाललेला तो वारकरी. सौ.ला फोनवर सांगितलं की इथे हजारभर वारकरी आलेत, तर तिने विचारलं, “जेवायला घालायचंय का?” गोदावरीतले असल्यामुळे ते पंढरपूरला काही जायचे नाहीत, फार तर पैठणपर्यंत.

लडाख-तिबेटकडून आलेला चक्रवाकही होता. संस्कृत कवींनी याची जोडी रात्री ताटातूट होऊन काठाकाठाने रडवली. प्रत्यक्षात दोघं शेजारी बसून शेतातलं खात होते. संसार बराच जुना दिसला.

थवा मोजायची वेळ आली तेव्हा आमची अब्रू गेली. मी सांगितला आकडा पाचशे, मेहुण्यांनी पाच हजार, भाचीने फोटो काढला आणि म्हणाली नंतर मोजू. सलीम अलींनी ही जागा पाहून हिला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं असं सांगतात. त्या खऱ्या भरतपुरात १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो आणि इतर पाहुण्यांनी एका दिवसात ४,२७३ पक्षी मारल्याची नोंद आहे. चार हजार दोनशे त्र्याहत्तर! शेवटच्या बदकापर्यंत हिशोब चोख. मोजण्यासाठी मारावं लागत असेल तर आमचे आकडे ढोबळ असलेले बरे. खुद्द सलीम अलींची सुरुवातही छर्ऱ्याच्या बंदुकीने झाली होती. लहानपणी गळ्यावर पिवळा डाग असलेली एक चिमणी मारली, ही कुठली म्हणून विचारायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तिथेच अडकले. आमच्या आजोबांनीही अनेक पक्षी मारले, पण ते विचारायला कुठे गेले नाहीत, थेट स्वयंपाकघरात गेले. म्हणून आमच्या घराण्यातून कोणी सलीम अली झाला नाही.

एक पाणलावाही पायाजवळून भर्रकन वाकडातिकडा उडाला. त्याला टिपणं इतकं अवघड की हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैनिकांनी अशा नेमबाजाला याच्याच इंग्रजी नावावरून ‘स्नायपर’ म्हणायला सुरुवात केली. भाचीने सव्वीस फोटो काढले. सगळ्यांत उत्तम गवत आलं.

आता बूट.

मनोऱ्याच्या पुढे, पाण्यात, हिरवीगार कुरणासारखी पट्टी होती. तिच्यावरून एक कमळपक्षी लांब बोटं टाकत आरामात चालला होता. मेहुण्यांना त्याचा जवळून फोटो हवा होता. “दाजी, घट्ट जमीन आहे, तो बघा कसा चालतोय,” म्हणत त्यांनी पाय टाकला. गाईड ओरडला, “साहेब, ते गवत न्हाई, पानवेली हायेत!” पण कमळपक्ष्याचं वजन पाव किलोच्या आतबाहेर आणि मेहुण्यांचं ब्याण्णव. ही जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. आम्ही नाशिककर सांडपाण्यातून जे काही नदीला वाहतो त्यावर ती इथे गुटगुटीत होते. वरून कुरण, खाली पाणी, त्याखाली शंभर वर्षांचा गाळ. डावा पाय मांडीपर्यंत गेला.

अशा वेळी माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. उजव्या पायावर जोर देऊन डावा वर खेचला. आता उजवाही गेला. सूचना बारा मी तोंडपाठ केलेली, पण आठवली उशिरा: ‘पाणी वा हिरवळ, पाऊल टाकण्यापूर्वी काठी टाकावी.’ तेरावी मात्र वेळेवर आठवली, ती मी तिथे उभ्याने मोठ्याने वाचून दाखवली. ‘रुतल्यास ओढू नये. ओढल्याने पावलाखाली पोकळी होऊन गाळ अधिक धरतो. मागे रेलून बसावे, भार पसरावा, पाऊल आडवे हलवून बाजूने पाणी शिरू द्यावे, मग सावकाश काढावे. पादत्राणाचा मोह धरू नये.’

“मागे रेलून बसू? यात?” मेहुणे.

“बसा साहेब,” गाईड म्हणाला, “आमच्या म्हशी पण तशाच निघतात.”

बसले. केशरी जाकीट एकदाचं मातकट झालं. गाईडने बांबू आडवा टाकला, स्वतः आडवा झाला, स्लिपर आधीच काढून काठावर जोडीने ठेवलेल्या. दहा मिनिटांत मेहुणे बाहेर आले, उजव्या बुटासकट. डावा, नऊ नंबरचा, डोंगर चढायचा, दसऱ्याला घेतलेला, गाळात राहिला. कोरडे मोजे त्यांनी आणले नव्हते. माझे दिले. आणि गंमत अशी की ते चिखलाने माखून थंडीने कुडकुडत काठावर गप्प बसल्यावर बदकं परत आली. अगदी पंधरा-वीस पावलांवर. सकाळपासून सगळ्यांत जवळून पक्षी कोणी पाहिले असतील तर मेहुण्यांनी, आणि त्या वेळी त्यांची दुर्बीण चिखलात होती.

येताना मिसळ खाल्ली. हॉटेलवाल्याने मेहुण्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं.

एप्रिलच्या शेवटी गाईडचा फोन आला. काठचं पाणी मागे सरकलं होतं, गाळाला भेगा पडल्या होत्या. “काका, बूट घावला. नाक वर करून उभाय. पण आणता येत न्हाई.”

“का?”

“त्याला खेटून टिटवी बसलीय. चार अंडी हायेत.”

मी १९७२चा कायदा काढून बघितला. त्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पक्ष्याची अंडी किंवा घरटं हलवणं, विस्कटणं हेसुद्धा येतं. म्हणजे तो बूट उचलला असता तर आजोबांनंतर आमच्या घरातली पहिली शिकार मेहुण्यांच्या नावावर लागली असती. पिल्लं बाहेर पडायला चारेक आठवडे लागतात. मेहुण्यांना तसं कळवलं. ते म्हणाले, ठीक आहे, जूनमध्ये आणू.

टिटवीचं मे अखेर आटोपलं. पण तोवर आवर्तन सुटलं होतं.